हिवाळी समुद्राची तयारी आणि पाच कारणं



विषय जाहीर झाल्यापासून आम्हाला तीन-चार फोन आले. सगळ्यांचा सूर एकच, "सर, धाराशिवात शिडाच्या होडीवर व्याख्यान? आपल्याकडे तेरणेला पाणी आलं तरी आपण पेढे वाटतो!" खरं आहे. समुद्र इथून तीनशे किलोमीटरच्या आसपास. आम्ही स्वतः तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा नोकरीला लागलेलो होतो. होडी चालवण्याचा आमचा अनुभव शून्य आहे, हे आधीच सांगून टाकतो. वाचलेलं आणि जाणकारांना विचारून समजून घेतलेलं तेवढंच आज मांडणार आहोत.

पण विषय आपला नाही, असं मात्र म्हणू नका. आपलं तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचं नाव आहे. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर, आणि तिथून जाडंभरडं कापड, मलमल असा माल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जातो, असं तो अनामिक लेखक सांगतो. भडोचला आलेली परदेशी जहाजं पावसाळ्याच्या नैऋत्य वाऱ्यावर आलेली असत. परत जायला त्यांना ईशान्येचा वारा लागे, आणि तो सुटतो हिवाळ्यात. म्हणजे आपल्या तेरचा माल दोन हजार वर्षांपूर्वी हिवाळी समुद्रप्रवासाला निघत होता. तेरच्या लामतुरे संग्रहालयात जाऊन या, त्या व्यापाराच्या खुणा काचेमागे ठेवलेल्या आहेत.

तर प्रश्न असा: लांबच्या, थंडीतल्या प्रवासाला निघणारी शिडाची होडी तयार करायची म्हणजे नेमकं काय करायचं? आणि त्यातून आम्हाला जो खरा प्रश्न विचारायचा आहे तो असा, की तयारी म्हणजे काय, आणि ती कुठपर्यंत पोचते?

आधी उदाहरण घेऊ. व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी नौदलातून निवृत्त झाले आणि फलटणजवळ विंचुर्णीला राहायला आले. तोही कोरडाच मुलुख. भारतीय माणसानं एकट्यानं, शिडाच्या होडीतून, भारतात बांधलेल्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हे स्वप्न त्यांनी लावून धरलं. नौदलातले कमांडर दिलीप दोंदे यांनी ते २००६ मध्ये अंगावर घेतलं. होडी बांधली गोव्यात, दिवाडी बेटावरच्या रत्नाकर दांडेकरांच्या अॅक्वेरियस शिपयार्डमध्ये. अशी होडी त्यांनी पूर्वी कधी बांधलेली नव्हती. छप्पन्न फुटांची ती 'म्हादेई', लाकूड आणि फायबरग्लासची, फेब्रुवारी २००९ मध्ये नौदलाकडे आली. १९ ऑगस्ट २००९ ला दोंदे मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबून १९ मे २०१० ला परतले. पुढे अभिलाष टॉमी त्याच होडीतून २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता फिरून आले. त्याच शिपयार्डनं 'तारिणी' बांधली. २०१७-१८ मध्ये वर्तिका जोशी आणि त्यांच्या पाच सहकारी महिला अधिकारी, आणि २०२४-२५ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच, तारिणीतून पृथ्वीला फेरी मारून आल्या.

आता यात हिवाळा कुठला? गंमत बघा. या होड्यांना दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, वळसा घालायचा असतो. ते जवळजवळ छप्पन्न अंश दक्षिणेला आहे. आपण अठरा अंश उत्तरेला. तारिणी दोन्ही वेळा केप हॉर्नजवळ फेब्रुवारी संपायच्या आतच पोचली. आपल्याकडे तेव्हा हुरडा चालू असतो, आणि तिकडे उन्हाळा. पण तो उन्हाळा कसला? आपल्या हिवाळ्यापेक्षा बोचरा, गारा, बर्फाळ पाऊस, डोंगराएवढ्या लाटा. तिथल्या खऱ्या हिवाळ्यात जायचं नाही, म्हणून सगळं वेळापत्रक मागून पुढे आखलेलं. म्हणजे तयारीतली पहिली गोष्ट कुठलाही स्क्रू आवळायच्या आधीची आहे. ती म्हणजे कधी जायचं, आणि कधी जायचं नाही, हे ठरवणं. कोकणातला तांडेल नारळी पौर्णिमेपर्यंत होडी वर ओढून ठेवतो, तेही हेच.

आता तयारीचा हिशेब मांडायला आम्ही एक जुनं माप घेतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. ही विभागणी होडीला इतकी चपखल बसते की आम्हालाच आश्चर्य वाटलं.

पहिलं, अधिष्ठान. ज्यावर सगळं उभं आहे ते, म्हणजे होडीचं अंग. प्रवासाच्या आधी होडी पाण्याबाहेर काढतात. तळाला चिकटलेली कालवं, शेवाळ खरवडून काढतात, आणि ती पुन्हा बसू नयेत असा रंग देतात. तळाखालची जड कील, म्हणजे जिच्यामुळे कललेली होडी पुन्हा सरळ होते ती, तिचे बोल्ट तपासतात. सुकाणू हलवून बघतात, खिळखिळं नाही ना. तळाला ठिकठिकाणी मुद्दाम ठेवलेली भोकं असतात, इंजिनाला थंड पाणी घ्यायला, सांडपाणी सोडायला. प्रत्येक भोकावर कॉक असतो. तो उघडतो आणि मिटतो ना, हे हातानं बघायचं. आणि प्रत्येक कॉकच्या शेजारी त्या मापाची लाकडी खुंटी दोरीनं बांधून ठेवायची. कॉक तुटला तर खुंटी शोधायला वेळ नसतो.

आणि होडी ठोकून बघतात. तपासनीस लहान हातोडीनं सगळ्या अंगावर टकटक करत जातो. घट्ट जागी खणखणीत आवाज, आतून सुटलेल्या जागी बद्द. हे ऐकल्यावर आम्हाला कोण आठवलं असेल? आपले तेरचे गोरोबाकाका. संतांच्या मेळाव्यात थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारलं आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं, ही कथा इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्या कथेत नामदेव रागावतात. होडी रागावत नाही. पण होडीचा मालक रागावतो! रंग नवा दिलेला असतो, पाहुणे कौतुक करून गेलेले असतात, आणि कोणीतरी हातोडी घेऊन म्हणतो, "इथं बद्द वाजतंय." तयारीतली अडचण बहुतेक वेळा अज्ञानाची नसते, बद्द आवाज ऐकून घेण्याची असते.

इथे एक जुनी हकीगत सांगतो. जगात पहिल्यांदा एकट्यानं, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी, १९६८-६९ मध्ये. त्यांची बत्तीस फुटी होडी 'सुहैली' बांधली गेली होती आपल्या मुंबईत, सागवानात. प्रवास सुरू झाल्यावर तळाच्या जोडातून पाणी येऊ लागलं. भर समुद्रात ते स्वतः होडीखाली बुडी मारून गेले, फटीत कापूस ठोकून बसवला आणि वरून तांब्याची पट्टी मारली. होडी पुढची सगळी फेरी तरली. ओटो नॉयराथ या तत्त्वज्ञानं ज्ञानाला अशीच उपमा दिली होती: आपण सगळे भर समुद्रात आपली नाव दुरुस्त करणारे खलाशी आहोत, गोदीत नेऊन नव्यानं बांधायची सोय आपल्याला नाही. वर्गात आम्ही हे वर्षानुवर्षं शिकवलं. नॉक्स-जॉन्स्टन यांनी ते पाण्याखाली जाऊन केलं. पण लक्षात घ्या, त्यांच्याजवळ कापूस होता, पट्टी होती, खिळे होते. समुद्रात दुरुस्ती करता येते, पण तिचं सामान किनाऱ्यावरच भरावं लागतं.

दुसरं, कर्ता. म्हणजे माणूस. थंडीत होडीच्या आधी माणूस मोडतो. गार वाऱ्यात भिजलेला माणूस आधी चिडका होतो, मग सुस्त, मग चुकीचे निर्णय घेतो, आणि आपण चुकतोय हे त्यालाच कळत नाही. फार थंड पाण्यात पडला तर पहिल्या मिनिटात श्वास आवरत नाही, पुढच्या दहा-एक मिनिटांत बोटं काम सोडतात. म्हणून हिवाळी प्रवासाचा पहिला नियम: पाण्यात पडायचंच नाही. डेकवर पुढून मागपर्यंत पट्टा ताणलेला असतो, आणि केबिनमधून बाहेर पाऊल टाकायच्या आधी कमरेच्या दोरीची कडी त्यात अडकवायची.

कपड्यांचं ऐकून आपल्याला जरा वाईट वाटेल. आपण कापूस पिकवणारी माणसं. पण तिथे अंगाला सुती कपडा नको म्हणतात. सुती कपडा पाणी धरून ठेवतो आणि अंगातली ऊब काढून घेतो. उन्हाळ्यात आपल्याला तो सुखाचा वाटतो तो याच गुणामुळे, आणि तिथे हाच गुण जीव घेऊ शकतो. म्हणून आत लोकर किंवा कृत्रिम धाग्याचा थर, मध्ये ऊब धरणारा, बाहेर पाणी न शिरू देणारा. वस्तू चांगली की वाईट, हे वस्तूत नसतं, ती कुठे वापरता त्यात असतं. याशिवाय खाणं वाढवावं लागतं, कारण थंडीत शरीर जास्त जाळतं. आणि झोप. एकटा माणूस असेल तर तुकड्या-तुकड्यांनी झोपायची सवय किनाऱ्यावरच लावून घ्यावी लागते.

तिसरं, करण. म्हणजे साधनं. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा इंच-इंच तपासायच्या. एक धागा जरी उसवलेला दिसला तरी तार बदलायची, कारण एक तार गेली की डोलकाठी जाऊ शकते. वादळासाठी लहान, जाड कापडाची शिडं वेगळी. शिडं शिवायला सुई-दोरा. बॅटरी थंडीत मंदावते, शून्य अंशाच्या आसपास साध्या शिसे-आम्लाच्या बॅटरीची क्षमता साधारण पाचव्या हिश्शानं घटते, आणि नेमका तेव्हाच दिवस लहान असला की सौरपत्र्यांवर ऊन कमी. म्हणजे जमा कमी, खर्च जास्त. हा हिशेब आधी कागदावर करायचा. डिझेल कडाक्याच्या थंडीत मेणासारखं गोठू लागतं, आणि अर्धवट भरलेल्या टाकीत आतून दव धरून पाणी साचतं, म्हणून टाकी भरलेली ठेवायची. होडीत ऊब हवी म्हणून हीटर लावला तर त्याचा धूर बाहेर गेलाच पाहिजे. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठत नाहीत, हे आपण ऐकलेलं आहे. होडीची केबिन त्या खोलीपेक्षा लहान.

एक तत्त्व सगळ्या साधनांना लागू: महत्त्वाच्या गोष्टीला जोड हवी, आणि जोड वेगळ्या जातीची हवी. दोन इलेक्ट्रॉनिक यंत्रं ठेवली आणि वीज गेली, तर दोन्ही गेली. जोड म्हणजे कागदी नकाशा, हातातला कंपास. तारिणीच्या पहिल्या फेरीत अखेरच्या टप्प्यात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि त्यांना ठरलेलं नसताना मॉरिशसला थांबावं लागलं. इतक्या काळजीनं तयार केलेल्या होडीतही हे होतं.

आता पाणी. इथे आम्हाला आमची चूक सांगायची आहे.

१९७२ चा दुष्काळ. आम्ही तेव्हा कॉलेजात होतो, सुट्टीला गावी आलो होतो. पाणी लांबून बैलगाडीनं यायचं. घरात जमिनीत अर्धा पुरलेला एक मोठा रांजण होता, सगळं पाणी त्यात. सांभाळायचं काम आमच्याकडे. रांजणाच्या बुडाशी माती ओलसर दिसायची, आम्ही रोज बघत होतो. पण रांजण पाझरतोच ना? पाझरतो म्हणून तर पाणी गार राहतं. आठवडाभर आम्ही ती ओल बघितली आणि 'रांजण आहे, पाझरणारच' म्हणून सोडून दिली. एके दिवशी पहाटे आजीनं तांब्या बुडवला तो बुडाला टेकला. तडा गेला होता. पुढची गाडी दोन दिवसांनी. घरात धाकटी बहीण तापानं फणफणलेली. शेजारच्या घरांनी घागरी-घागरी दिलं म्हणून निभावलं. आजी एवढंच म्हणाली, "पाणी एका भांड्यात ठेवायचं नसतं रे."

नॉक्स-जॉन्स्टन यांच्या होडीत सुरुवातीच्याच एका वादळात टाकीतलं पाणी खराब झालं आणि पुढे त्यांना बरंचसं पावसाच्या पाण्यावर काढावं लागलं. म्हणूनच शहाणे खलाशी पाणी अनेक टाक्यांत, अनेक कॅनमध्ये वाटून ठेवतात. आता खारं पाणी गोडं करणारं यंत्र असतं. तरी वेगळे कॅन भरतातच.

आणि त्या ओलीबद्दल. थंडीत होडीच्या आतल्या भिंती ओल्याच असतात, माणसाच्या श्वासानं, स्वयंपाकाच्या वाफेनं. बाहेर गार, आत ऊब, की दव धरलंच. मग त्यात खरी गळती लपते. खलाशी काय करतो? बोट लावून चाटून बघतो. अळणी असेल तर दव, खारट असेल तर समुद्र आत येतोय. किती साधी परीक्षा! नेहमीच्या ओलीत नवी ओल ओळखायची, हे आम्हाला बाविसाव्या वर्षी कळलं नाही. पीएच.डी. झाल्यावरही ते आपोआप कळलं असतं असं नाही.

चौथं, चेष्टा. म्हणजे प्रत्यक्ष हालचाल, कृती. सामान भरलं म्हणजे तयारी झाली असं नाही. शीड आखडायचं कसं, हे पुस्तकात अर्ध्या पानात लिहिलेलं असतं. पण अंधारात, जाड हातमोजे घालून, होडी कललेली असताना ते जमतं का? किनाऱ्याजवळ, चांगल्या हवेत, डोळ्यांवर पट्टी बांधून ते करून बघायचं. मुख्य प्रवासाच्या आधी लांबच्या सफरी करायच्या. म्हादेई आणि तारिणी दोघींनीही मोठ्या फेरीच्या आधी मॉरिशसपर्यंतच्या सफरी केल्या. आणि जुने खलाशी म्हणतात, शीड आखडावं का, असा विचार मनात आला की तीच आखडायची वेळ. विचार पक्का होईपर्यंत उशीर झालेला असतो.

आता पाचवं, दैव. आणि आजच्या व्याख्यानाचा आमच्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग.

अभिलाष टॉमी २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. होडी 'थुरिया', सुहैलीच्या धर्तीवर गोव्यातच बांधलेली. अनुभवी खलाशी, उत्तम तयारी. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात होडी उलटीपालटी झाली, डोलकाठी मोडली, त्यांच्या पाठीच्या मणक्याला इजा झाली. हलता येईना. त्याच वादळात दुसऱ्या एका स्पर्धकाची डोलकाठीही मोडली. उपग्रहामार्फत त्यांनी संदेश पाठवला, विमानांनी शोध घेतला, आणि तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच जहाजानं त्यांना उचललं. पुढे ते पुन्हा उभे राहिले, २०२२ ला त्याच शर्यतीत पुन्हा उतरले आणि २०२३ मध्ये दुसरे आले.

आता तर्काकडे या. 'जो तरला तो तयार होता.' समजा हे खरं मानलं. यावरून 'जो बुडाला तो तयार नव्हता' हे निघतं का? नाही निघत. फार तर एवढं निघतं, की जो तयार नव्हता तो तरला नाही. बुडालेल्याबद्दल त्या वाक्यात काहीच सांगितलेलं नाही. गीतेनं पाच कारणं मोजली, चारवर थांबली नाही, हे लक्षात ठेवा. चार आपल्या हातात आहेत म्हणून आळस करू नका, आणि पाचवं आहे म्हणून बुडालेल्याला दोष देऊ नका.

हे आम्ही समुद्रासाठी सांगत नाही आहोत. आपल्या जिल्ह्यात एखादा शेतकरी खचला, जीव देऊन बसला, तर पारावर काय बोलतात? "त्याचं नियोजनच नव्हतं." कर्ज का काढलं, विहीर का पाडली, सोयाबीन का लावलं. आम्हीही असं बोललेलो आहोत, खोटं कशाला सांगू? एखाद्या ठिकाणी नियोजन चुकलंही असेल. पण पाऊस न पडणं, भाव पडणं, एका रात्रीत गारपीट होणं, हे त्याच्या चार कारणांत बसत नाही. अभिलाष टॉमींच्या बाबतीत जगानं विचारलं, "ते कुठे आहेत, कोण जवळ आहे, कधी पोचता येईल?" "तुमची तयारी कशी कमी पडली," हे त्यांना पाण्यात असताना कोणी विचारलं नाही. शोधाची यंत्रणा आधीपासून उभी होती, कारण समुद्रावर सगळ्यांना मान्य आहे की उत्तम तयारीची होडीसुद्धा मोडू शकते.

म्हणून तयारीची आमची व्याख्या अशी: आपल्या हातातलं चोख करणं, मोडलं तर दुरुस्तीचं सामान जवळ ठेवणं, आणि तेही संपलं तर हाक कुठे मारायची ते आधी ठरवून ठेवणं. होडीत यासाठी हाक मारणारं यंत्र असतं, बटण दाबलं की उपग्रहापर्यंत जाणारं. त्याची बॅटरी निघण्याआधी तपासतात. पण ते यंत्र निम्मंच. उरलेलं निम्मं म्हणजे हाक ऐकणारं जहाज. आमच्या घरी त्या पहाटे रांजण फुटला होता, तेव्हा शेजारच्या चार घरांतल्या घागरी हेच ते जहाज होतं.

घरी गेल्यावर एक करा. आपल्या घरात, शेतात, तब्येतीत नेहमीची म्हणून सोडून दिलेली एखादी ओल असेल, ती एकदा बोट लावून चाखून बघा. आणि आपल्या गल्लीत कोणाचा रांजण फुटलाय का, तेही विचारा. कारण विचारू नका, घागर घेऊन जा.

इथेच थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा. होडीवरचे जरा सोपे विचारा!